वस्तीभर निळी साय

जेवायला बसलं की संघपालकाका आधी मिठाचा एक खडा जिभेवर ठेवत. मग घोटभर पाणी पीत. मग कालवणाचा भुरका. हा क्रम त्यांनी चुकवलेला मी पाहिला नव्हता, लग्नाच्या पंगतीतही नाही. तिथं मीठ वाढणारा येईपर्यंत ते हात मांडीवर ठेवून, डोळे अर्धे मिटून बसत आणि शेजारची माणसं त्यांना फार भाविक समजत.

"खारट म्हणजे काय ते जिभेला एकदा सांगायचं," ते मला समजावत. "मग अळणी म्हणजे काय ते सांगायचं. आता जीभ शुद्धीवर आली. आता कालवण कसं झालंय ते ती खरं सांगेल."

करुणामावशी, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या आईची धाकटी बहीण, तव्यावरची भाकरी उलथत म्हणे, "बाकीच्यांचे नवरे नुसती नावं ठेवतात. आमचे पुराव्यासकट ठेवतात."

एम.ए.ची दोन वर्षं मी बारामतीला त्यांच्याकडेच राहत होते. जनावरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथं काका काम करत. आसपासच्या तालुक्यांतल्या गाईम्हशींचं रक्त, शेण आणि दूध त्यांच्याकडे बाटल्यांतून येई. खोलीला फॉर्मलीनचा वास होता आणि काकांच्या स्वेटरलाही. रुजू झाल्यावर त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट अशी, की तपासायच्या नळ्यांच्या रांगेत दोन नळ्या जास्तीच्या ठेवायच्या. एक रोगी जनावराची, एक निरोगी जनावराची, दोन्ही आधीच पक्क्या ठाऊक असलेल्या. त्या दोघी खरं बोलल्या तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

बाकीचे लोक हे खोलीत शिकत आणि खोलीत ठेवून घरी जात. काकांनी ते घरी आणलं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत वाकून ते आधी विचारत, "आज वार कोणता?"

"बुधवार."

"बरोबर. आता सांगा, इंदापूर गाडी कधी लागणार?"

एकदा खिडकीतला माणूस चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिला. "वार ठाऊक नाही आणि प्रवासाला निघालात? बरोबर कुणी आहे का मोठं माणूस?"

काका रागावले नाहीत. राग त्यांना येतच नसे. घरी आल्यावर मावशीला म्हणाले, "त्यानं माझी चौकशी केली हे चांगलं केलं. खिडकीवर चौकशीच लिहिलंय."

काकांचं मूळ घर इंदापूरच्या वाटेवर, अंथुर्ण्याच्या पुढं, पांढरमाळ नावाच्या वस्तीवर. वस्तीच्या मधून एक ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात पाणी नसतं, नुसती वाळू आणि शेळ्या. ओढ्याच्या एका काठाला ऊस आणि बागायत असलेली घरं, दुसऱ्या काठाला काकांच्या भावकीची चार घरं. त्यांतल्या शेवटच्या घरात काकांची आई, ताईबाई, एकट्या राहत. वडील, श्रीपती, गेल्यापासून बारामतीला या म्हणून काकांनी किती वेळा विनवलं, पण त्या म्हणत, "मी आल्यावर लाडी कुणासंगं बोलंल?"

लाडी म्हणजे गाय. जर्सीच्या वाणाची, रंगानं भिजल्या मातीसारखी, ओल्या डोळ्यांची. ताईबाई तिला सरकी पेंड भिजवून घालत, तिच्याशी दिवसभर बोलत आणि ती मान हलवून ऐकून घेई. वस्तीच्या दूध संस्थेत लाडीच्या दुधाची फॅट सगळ्यांच्या वर लागे. संस्थेचे सचिव मोहनराव आकडा वाचताना थोडे थांबत, जणू यंत्राचं काही चुकलं असावं. मग मुकाट्यानं लिहून घेत.

त्या वर्षी उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या दोन गाई गाभडल्या. एक सातव्या महिन्यात, एक त्याच्याही आधी. असा गर्भ एकामागून एक पडायला लागला, की ब्रुसेला नावाच्या रोगाची शंका घेतात. हा रोग एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला जातो आणि कच्च्या दुधातून माणसालाही होतो. मोहनरावांनी दवाखान्यात कळवलं आणि तपासणी काकांकडे आली. मात्र वस्तीत घबराट नको म्हणून मोहनरावांनी रोगाचं नावच घेतलं नाही. देवळाच्या कर्ण्यावरून एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी दूध तपासायला बारामतीहून साहेब येणार हायती. परत्येकानं आपापल्या गाईचं दूध बाटलीत आणावं."

दुसऱ्या दिवशी काका रांगेनं बाटल्या घेत बसले. खोकल्याच्या औषधाच्या, सरबताच्या, एक तर शाईची. उन्हाला धरून बघितलं तर सगळ्यांतलं दूध सारखंच दाट, पिवळसर झाक असलेलं. "वस्तीनं जनावरं छान सांभाळलीत," ते मोहनरावांना म्हणाले. मोहनराव म्हणाले, "आमचं लक्ष असतंय साहेब." ते काकांना लोकांसमोर साहेब म्हणत आणि एरवी संघपाल.

बारामतीला आल्यावर काकांनी एकेका नळीत थोडं दूध घेतलं आणि प्रत्येकीत निळ्या औषधाचा एक थेंब सोडला. त्या थेंबात रोगाचे मेलेले जंतू असतात, निळ्या रंगात रंगवलेले. गाईला रोग झालेला असेल तर तिच्या दुधात त्या जंतूंना धरणारी प्रथिनं आलेली असतात. ती या निळ्या जंतूंना पकडतात, त्यांचे पुंजके करतात आणि सायीबरोबर वर घेऊन येतात. म्हणून नळ्या तासभर कोमट पाण्यात ठेवायच्या. वर निळ्या सायीची कडी आली आणि खालचं दूध पांढरं राहिलं, तर गाय संशयित. साय पांढरी आणि खालचं दूध निळसर, तर गाय चांगली.

तासाभरानं त्यांनी रॅक उचलला. ठाऊक असलेली रोगी नळी: वर निळी कडी. ठाऊक असलेली निरोगी नळी: पांढरी साय. दोघी खरं बोलत होत्या. आणि पांढरमाळची झाडून प्रत्येक नळी वर निळी होती.

त्या संध्याकाळी काका पाटावर बसले आणि मीठ न चाखता, पाणी न पिता, सरळ भाकरी कालवणात बुडवून खाऊ लागले. मावशीच्या हातातलं उलथनं थांबलं. तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावला.

"काय झालं हो?"

"निळं झालंय."

"काय?"

"वस्ती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधाची नवी कुपी फोडली, नळ्या उकळून घेतल्या, घड्याळसुद्धा शेजारच्या कारकुनाचं लावलं. परत तेच. एवढी जनावरं एकदम आजारी असती तर वस्तीत एक वासरू जन्माला आलं नसतं. मग रविवारी ते पांढरमाळला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं.

संस्थेच्या ओसरीवर माणसं जमली. मोहनराव खुर्चीवर, बाकीचे पायऱ्यांवर. काकांनी आधी रोगाचं नाव आणि सगळ्या नळ्या निळ्या झाल्याचं सांगितलं. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं चौकशी सुरू केली, म्हणजे ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक आहे तोच प्रश्न आधी. समोर गेणूतात्या होते, तंबाखू मळत.

"गेणूतात्या, तुमची गाय कोणत्या रंगाची?"

"काळी. कपाळावर चांदवा."

"बरोबर. आता सांगा, दूध किती देते?"

गेणूतात्यांनी तंबाखू जास्तच मन लावून मळली. "देती की."

"कधी?"

"गेल्या साली लई दिलं."

"तात्या, तुमची गाय भाकड आहे. मागच्या खेपेला मीच बघून गेलो. मग बाटलीत काय होतं?"

"दूध हुतं. गाईचंच हुतं, आईशप्पत. म्हशीचं थेंबभर घातलं आसंल तर जीभ झडंल माझी." आणि आपल्या प्रामाणिकपणाला कुणी दाद देतंय का म्हणून त्यांनी चौफेर बघितलं.

ओसरीवर खसखस पिकली. काका दुसऱ्या माणसाकडे वळणार, तेवढ्यात दगडाबाई उठून उभ्या राहिल्या. ओढ्याच्या अगदी काठावर त्यांचं घर. गाभडलेल्या दोन गाईंतली एक त्यांची.

"आरं लेकरा, कशाला एकेकाची जन्मपत्री काढत बसलाईस? समद्यांनी तुझ्या आईच्या लाडीचं दूध न्हेलंय. तिची फॅट लई लागती. आन तपासणी म्हंजी फॅटच की! आमास्नी दुसरी तपासणी कुठं ठावं?"

"पण मी कर्ण्यावर सांगितलं हुतं, आपापल्या गाईचं—" मोहनराव म्हणाले.

"तुमची जयवंता पयल्या नंबरला हुती. मी तिच्या मागं. आंधारात तिनं माझ्या पायावर चरवी ठिवली, आजून आंगठा दुखतोय."

मोहनरावांनी बायकोचं नाव ऐकून टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली.

आधी काका हसले. इतके, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. ओढ्यापलीकडची ही माणसं ताईबाईंकडे कार्याला येत, मांडवात बसत, आणि चहाची किटली बाहेर आली की कुणाला गाईची धार काढायची राहिली म्हणून आठवे, कुणाची मोटार चालू राहिलेली असे. त्या पहाटे मात्र त्याच दारात चरव्यांची रांग लागली होती. ताईबाईंच्या गोठ्यातलं दूध प्यायला चालत नव्हतं, पण परीक्षेला बसवायला चाललं.

मग काकांचं हसू थांबलं. मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या नळ्या, पण खरं तर ती एकच नळी होती.

मोहनरावांच्याही ते लक्षात आलं. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "म्हंजी रोग वस्तीत न्हाय. तुमच्याच गोठ्यात हाय." ओसरीवर सुटकेचा एक उसासा फिरला. पायऱ्यांवरची माणसं जरा सैल बसली. "आता साहेब तुमीच सांगा. ताईबाईंचं दूध उद्यापास्नं बंद. आन गाय वस्तीवर ऱ्हायली तर बाकीच्यांच्या दावणीचं काय?"

"रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," काका म्हणाले. "सगळ्यांच्या गाईंचं."

आम्ही ओढा ओलांडून घरी गेलो. ताईबाई लाडीच्या पाठीवरून खरारा फिरवत होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"आई, तू का दिलंस सगळ्यांना? ज्याची त्याची गाय तपासायची होती."

"मला काय ठावं? आन ठावं आसतं तरी न्हाय कशी म्हणू? इतक्या वर्सांत पयल्यांदा भांडं घिऊन दारात आली माणसं."

"किती जणांना दिलंस?"

"मोजून देत्यात व्हय दूध दारात आलेल्याला?"

मग त्यांनी विचारलं, "लाडी आजारी हाय?"

"ठाऊक नाही."

"माझ्याजवळ तरी हाय-न्हाय कायतरी बोल."

"ठाऊक नाही हेच खरं आहे आई."

लाडीनं मान वळवून त्यांच्या लुगड्याचा पदर हुंगला. रक्तातही तेच निघालं तर ही गाय त्या दावणीला राहणार नव्हती आणि मग त्या घरात संध्याकाळी कुणाचा आवाज येणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. चौथीला कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत काका म्हणाले, "लाडी आटायला आलीय. वेताच्या शेवटी दूध थोडं आणि दाट होतं, म्हणून तर फॅट लागते. अशा दुधात कधीकधी रोग नसतानाही निळी कडी येते."

"मग?"

"मग काय? कधीकधी येते म्हणून सोडून द्यायचं?"

दोनच दिवसांत दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी वस्तीवर जाऊन सगळ्या गाईंचं रक्त काढलं. त्या वेळी मोहनराव काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "राग मानू नगा साहेब. खोली तुमची, औषध तुमचं, आन गायबी तुमचीच. निकाल काय लागनार, ते लोकं आत्ताच बोलायला लागल्यात."

"बरोबर बोलतात," काका म्हणाले. "म्हणून निकाल तुम्ही वाचायचा."

नळ्यांवर फक्त आकडे घातले. कोणता आकडा कोणत्या गाईचा, ते डॉक्टरांनी स्वतःच्या खिशात ठेवलं. ठरल्या दिवशी मोहनराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बारामतीला आले, सोबत साक्षीदार म्हणून गेणूतात्या. पुढं काय झालं ते गेणूतात्यांनी वर्षभर, पारावर आणि गुऱ्हाळावर, इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं नव्हते हे मलाच खरं वाटत नाही.

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर काकांनी रक्त साकळल्यावर वर सुटलेल्या पाण्याचा एकेक थेंब ठेवला, प्रत्येकात गुलाबी औषधाचा एक थेंब मिसळला आणि फरशी हळूहळू हिंदकळवली. कल्पना तीच. गाईच्या अंगात ती प्रथिनं असतील तर औषधातल्या जंतूंना धरून त्यांचे कण करतील.

"आधी हा थेंब बघा, मोहनराव. ठरलेल्या आजारी गाईचा. काय दिसतं?"

मोहनरावांनी फरशी हातात घेतली, हात लांब केला, मग आणखी लांब केला. चष्मा त्यांनी घरी ठेवला होता. फोटोबिटो निघाला तर बरं दिसत नाही म्हणून.

"आडवी धरा, थेंब पळतील," काका ओरडले.

शेवटी फरशी गेणूतात्यांच्या हातात गेली. तात्यांनी नाक टेकवलं. "फाटलंय. दूध फाटल्यावाणी दिसतंय."

"बरोबर. आता हा. ठरलेल्या चांगल्या गाईचा."

"सरबत. गुलाबाचं."

"बस्स. एवढंच वाचायचं." आणि काका भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले. भिंतीवर एका खताच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. ते त्याकडे असे बघत होते, गेणूतात्या सांगत, जणू त्यात लाडीच्या नशिबाची तिथी छापली होती.

"सरबत," तात्यांनी वाचायला सुरुवात केली. "सरबत. हेबी सरबत. सरबत." मग आवाज खाली आला. "हे फाटलंय."

भिंतीकडूनच प्रश्न आला, "आकडा?"

तात्यांनी आकडा सांगितला. डॉक्टरांनी खिशातला कागद उघडला.

"जोतीराम आणि दगडाबाईंची गाय. ताईबाईंची सरबतात आहे."

मोहनरावांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "सुटला की वो संघपाल!" लोकांसमोर साहेब म्हणायचं ते त्या वेळी विसरले.

काका वळले ते नवी फरशी घेऊनच. "पुन्हा करू."

"आता कशाला? तुमची गाय सुटली!"

"सुटली म्हणूनच. आपल्याला हवं ते उत्तर आलं की आणखी एकदा बघावं."

मोहनरावांनी घड्याळाकडे बघितलं, गेणूतात्यांनी चहाच्या टपरीकडे. तरी पुन्हा थेंब पडले, फरशी पुन्हा हलली, आणि सगळी सरबतं सरबतंच राहिली, फाटलेला थेंब फाटलेलाच राहिला. मग कुठं काका स्टुलावर बसले. आईला आधी जाऊन कोण सांगेल, असं त्यांनी दोनदा विचारलं, असं तात्या सांगत. हे मात्र ते पारावर सांगत नसत, फक्त आमच्या घरी सांगत.

दगडाबाईंना सांगायला काका स्वतः गेले. त्या अंगणात होत्या. नात छकुली त्यांच्या मांडीवर. छकुलीच्या तोंडात सरळ गाईच्या सडातून धार मारायची त्यांना हौस. धारोष्ण दुधानं पोर पहिलवान होते, असं त्यांचं मत होतं.

"दगडाकाकू, तुमच्या गाईला रोग आहे."

त्यांनी छकुलीला आणखी जवळ ओढलं. "खरं बोलले म्हून माझीच धरली व्हय रं?"

तपासणीत असं काही नसतं, हे काकांनी त्यांना कसं समजवायचं?

दगडाबाईंचे नवरे, जोतीराम, आतून आले. "बाजारात न्हिऊन सोडतो. कुणीबी घिईल."

"दुसऱ्याच्या दावणीला दुखणं बांधू नका, जोतीरामआबा. लांब बांधा, शेताच्या टोकाला. संस्थेत दूध घालू नका. आणि छकुलीला एकदा डॉक्टरांना दाखवा."

छकुलीला काही निघालं नाही. गाय शेताच्या टोकाला, शेवग्याखाली बांधली गेली. दगडाबाई बरेच दिवस काकांशी बोलल्या नाहीत. ते दिसले की गाईकडे बघून बोलत, "बघ बाई, तुझा डाक्टर आला." पण घरात पोरीला दूध हवंच होतं. एक दिवस त्यांनी ओढा ओलांडला आणि ताईबाईंच्या दारात चरवी घेऊन उभ्या राहिल्या. काय बोलणं झालं ठाऊक नाही. ताईबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? चरवी भरली."

त्या पावसाळ्यात लाडी पूर्ण दिवस भरून व्याली. कालवड झाली. ताज्या वेतात दूध भरपूर आलं, पण पातळ, आणि संस्थेच्या यंत्रावर ती चारचौघींसारखीच झाली. पहाटे चरव्यांची रांग पुन्हा कधी लागली नाही. एकट्या दगडाबाई येत राहिल्या.

पुढच्या वर्षी काकांची बदली झाली, लांबच्या जिल्ह्यात. निघायच्या दिवशी आम्ही ताईबाईंना भेटायला पांढरमाळला गेलो. टेंपोत सामान लादलेलं, मावशी पुढं बसलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताईबाई दारात उभ्या होत्या आणि रडू येऊ नये म्हणून कालवडीला रागावत होत्या. तेवढ्यात दगडाबाई भरलेली चरवी पदराखाली धरून गोठ्यातून बाहेर आल्या. काका चढता चढता थांबले. काहीतरी चार शब्द निरोपाचे बोलतील म्हणून त्याही थांबल्या.

काका म्हणाले, "दगडाकाकू, उकळूनच पाजा हं. आमच्या गाईचं असलं तरी."